११ महिने, ८६ अर्ज आणि एक 'ऱ्या'

आयटीतली नोकरी लागून आता चार महिने झाले. पदवी हातात पडल्यापासून रुजू होईपर्यंत ११ महिने गेले. त्या काळात शिकण्यासाठी जे जे वापरलं, त्याबद्दल लिहायचं मुद्दामच लांबवलं होतं. लागल्या लागल्या लिहिलं असतं तर सगळंच गोड लिहिलं गेलं असतं. रोजच्या कामात कशाला हात लावावा लागतो आणि कशाला अजिबात लागत नाही, ते आता बऱ्यापैकी कळलंय.

माझी पदवी संगणकशास्त्राचीच. गुणही बरे होते. ओएसआयचे (नेटवर्कवरचा संवाद टप्प्याटप्प्याने मांडणाऱ्या आराखड्याचे) सात थर झोपेतून उठवून विचारले असते तरी वरून खाली आणि खालून वर म्हणून दाखवले असते. पहिल्याच मुलाखतीत प्रश्न आला: "ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करून एंटर दाबलंत. पान दिसेपर्यंत काय काय होतं?" मी थर म्हणायला लागले. समोरच्या मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, डीएनएसची विचारणा टीसीपीने जाते की यूडीपीने?" संपलं. मुलाखत १२ मिनिटांत आटोपली. (डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधणारी व्यवस्था; टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवायच्या दोन पद्धती. उत्तर: सहसा यूडीपी, पोर्ट ५३. हे कळायला एका संध्याकाळी 'डिग' आणि 'कर्ल' या दोन कमांड चालवून पाहणं पुरलं. 'कर्ल'ला 'व्ही'चा पर्याय दिला की नाव शोधणं, जोडणी होणं, पोर्ट ४४३, टीएलएसची म्हणजे सुरक्षित जोडणीची बोलणी, मग मागणी, असं सगळं एकाखाली एक छापून येतं. चार वर्षांत हे मला कुणी दाखवलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला विचारलं नाही.)

त्या मुलाखतीनंतर घाबरून मी एक सशुल्क कोर्स घेतला. नाव सांगत नाही, कारण या जातीचे सगळे कोर्स साधारण सारखेच असतात. तीन महिने मी व्हिडिओ बघून त्यातला कोड जसाच्या तसा टाइप करत होते. सगळं चालायचं, आणि तीच अडचण होती. शिकवणाऱ्याच्या चुका संपादनात कापलेल्या, त्यामुळे माझ्याही हातून चूक होत नव्हती. व्हिडिओ बंद करून कोरी फाइल उघडली की पहिली ओळ सुचायची नाही. वर शेवटचा प्रकल्प अख्ख्या बॅचला एकच, तोच विषय आणि त्याच रंगाची बटणं. पुढे एका मुलाखतीत माझा रेझ्युमे बघून समोरचे हसले. त्या आठवड्यात त्यांनी तोच प्रकल्प तिसऱ्यांदा पाहिला होता. 'प्लेसमेंटची हमी' म्हणजे काय, हे अटींच्या पानावर शेवटच्या परिच्छेदात लिहिलेलं होतं. ते मी शेवटीच वाचलं.

चौथ्या महिन्यात हार्वर्डचा सीएस५० हा संगणकशास्त्राची ओळख करून देणारा कोर्स सुरू केला. डेव्हिड मॅलन शिकवतात, अभ्यासक्रम फुकट आहे. पहिला आठवडा 'शून्यावा', त्यात स्क्रॅच या भाषेचे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचा. पदवीधर बाईने ठोकळे जोडत बसायचं, म्हणून मी तो भाग वगळला. मग सी या भाषेत आपटले आणि निमूट मागे गेले. खरी मजा चौथ्या आठवड्यात आली. एका कॅमेऱ्याच्या कार्डातून पुसले गेलेले फोटो परत मिळवायचे असतात. कार्डाची प्रत ५१२ बाइटच्या तुकड्यांनी वाचत जायची. तुकड्याच्या सुरुवातीला एफएफ, डी८, एफएफ असे तीन बाइट दिसले (चौथ्याचीही एक अट असते) की नवा जेपेग फोटो सुरू झाला असं समजायचं. दोन दिवस माझ्या प्रोग्रामने नुसता कचरा बाहेर काढला. तिसऱ्या दिवशी एकामागून एक ५० फोटो उघडले, तेव्हा मी खुर्चीवरून उठून घरभर फिरले. पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) हा शब्द मी परीक्षेत कितीदा लिहिला होता! तो वापरला मात्र त्या रात्री पहिल्यांदा.

पुढच्या आठवड्यात १,४३,०९१ शब्दांचा शब्दकोश मेमरीत भरून स्पेलिंग तपासायचं. मी शब्द पहिल्या अक्षराप्रमाणे २६ कप्प्यांत टाकले आणि एकेका कप्प्यात हजारो शब्दांची रांग लागली. हॅश फंक्शन (शब्द कोणत्या कप्प्यात जाणार ते ठरवणारं सूत्र) चांगलं म्हणजे काय, ते घड्याळाने शिकवलं. पायथन या भाषेत हेच काम मूठभर ओळींत होतं, हे लगेच पुढच्या आठवड्यात कळतं आणि थोडं फसवल्यासारखं वाटतं. पण या क्रमामुळेच पायथनची 'डिक्शनरी' ही शोध जलद करणारी रचना आतून काय करत असेल याचा अंदाज आला. एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेच्या आठवड्यात एक बदक चोरीला जातं आणि क्वेरी लिहून चोर पकडायचा असतो. मी जेवायची थांबले होते.

तरी हा कोर्स पुरेसा नाही. सर्व्हर बिघडला तर बघायचं कुठे, दुसऱ्याचा जुना कोड वाचायचा कसा, हे त्यात फारसं येत नाही.

गिट या कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाबद्दल थोडक्यात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, कारण आधी वापरात असलेल्या बिटकीपर या तशाच साधनाची फुकट सोय बंद झाली. कमांड विचित्र का आहेत असा प्रश्न पडला की मी ही घाई आठवते. मी केलेली मोठी चूक म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल सार्वजनिक ठिकाणी ढकलली. पुढच्या कमिटमध्ये (बदलांच्या नोंदीत) ती काढून टाकली आणि निवांत झोपले. इतिहासात ती तशीच होती! अशा वेळी सगळ्यात आधी पासवर्ड बदलायचा, साफसफाई मागाहून. दुसऱ्या एका दिवशी हार्ड रिसेट (जुन्या नोंदीवर सक्तीने परत जाणं) मारून दिवसभराचं काम घालवलं. कमिट केलेलं होतं म्हणून 'रिफ्लॉग'ने, म्हणजे गिटच्या हालचालींच्या नोंदीतून, ते परत मिळालं. कमिट नसतं तर काहीच हाती लागलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. सहाव्या महिन्यात ताई म्हणाली, "सारखी सरावाचीच गणितं सोडवतेस, कुणाच्या उपयोगाचं काहीतरी कर की." तिच्या ओळखीच्या ग्रंथपाल बाई एक छोटं वाचनालय चालवायच्या, नोंदी सगळ्या वहीत. मी त्यांच्यासाठी फ्लास्क (पायथनमध्ये वेब ॲप बनवायचं साधन) आणि एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) वापरून पुस्तकं देण्याघेण्याची नोंद करणारं साधंसं ॲप बनवलं. दिसायला अगदी ओबडधोबड. दुसऱ्याच आठवड्यात बाईंचा फोन आला: "अगं, पुस्तक यादीत दिसतंय, पण शोधलं की सापडत नाही."

शीर्षकात 'ताऱ्यांची' हा शब्द होता. मी माझ्या कीबोर्डवरून शोधलं, तर लगेच सापडलं. त्यांनी शोधलं, तर नाही. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. मला वाटलं, बाई टाइप करताना चुकत असतील, आणि तसं मी त्यांना जवळजवळ बोललेही. मग दोन्ही शब्दांतलं एकेक अक्षर सुटं करून त्याचे युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेले) छापले. माझ्या शब्दात ०९३१, म्हणजे 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, आणि पुढे हलन्त. त्यांच्या शब्दात साधा 'र' म्हणजे ०९३०, मग हलन्त, आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, २००डी. दोन्हींतून तोच 'ऱ्या' उमटतो, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करणं) लावलं की झालं, असं मला वाटलं. तेही पुरलं नाही. 'र'खाली नुक्ता देऊन लिहिलेला 'ऱ' त्याने बरोबर ०९३१ होतो, मात्र जोडचिन्हाच्या प्रकाराला ते हातच लावत नाही. शेवटी तेवढी अक्षरांची जोडी बदलणारी एक ओळ मी स्वतः लिहिली. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी ती चालवली. सोबत चार टेस्ट लिहिल्या, आणि घडलेलं सगळं रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये साध्या भाषेत नोंदवून ठेवलं. बाईंची माफीही मागितली.

दुसरी तक्रार तारखांची होती. रात्री बारानंतर नोंदवलेल्या पुस्तकांची तारीख एक दिवस मागची पडायची. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर चालतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

कोडिंगची कोडी मी १५० च्या आसपास सोडवली. निम्म्यात भागलं असतं. बायनरी सर्च (क्रमवार यादी दर वेळी अर्धी करत शोधणं) १० लाख नोंदींत फार तर २० तुलनांत का संपतं, हॅशमॅपने (वरच्यासारख्या कप्प्यांच्या रचनेने) दोन लूपचा एक लूप कसा होतो, हे जमायलाच हवं, कारण पहिली चाळणी त्याचीच असते. त्यापुढचं डायनॅमिक प्रोग्रामिंग मी घोकलं आणि विसरले. एसक्यूएलला मात्र मी कमी वेळ दिला, त्याची रुखरुख आहे. लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवणारी जोडणी) लिहून मग उजव्या टेबलावरची अट 'व्हेअर'मध्ये टाकली की जुळणी नसलेल्या ओळी गळून जातात आणि तो मुकाट्याने इनर जॉइनसारखा (फक्त जुळणाऱ्या ओळी ठेवणारा) वागतो. हा प्रश्न मला दोन मुलाखतींत आला. पहिल्यांदा चुकले.

प्रमाणपत्रांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. माझा एक मित्र नेटवर्किंगकडे गेला. त्याला सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्राचा खरोखर फायदा झाला. त्याची मुदत तीन वर्षांची असते, आणि अभ्यास करताना /२६ च्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या तुकड्यात) ६४ पत्ते, त्यातले वापरायला ६२, हे तोंडी सांगण्याइतकं अंगवळणी पडतं. मी गोळा केलेल्या 'कोर्स पूर्ण केल्या'च्या नऊ कागदांबद्दल मात्र आजवर एकानेही विचारलं नाही.

एआय सहायक मी रोज वापरला आणि सुरुवातीला वाईट वापरला. एका कंपनीने घरी सोडवायला काम दिलं होतं. मी ते दीड तासात त्याच्याकडून लिहून घेतलं. मुलाखतीत विचारलं, "इथे इंडेक्स का लावलात?" इंडेक्स म्हणजे डेटाबेसमधला शोध जलद करणारी सूची. मी तो लावलाच नव्हता, त्याने लावला होता. त्या दिवसापासून पद्धत उलटी केली. कोड मी लिहायचा आणि त्याने मला प्रश्न विचारायचे. एरर आली तर ती आधी शेवटपर्यंत वाचायची, स्वतःचा अंदाज वहीत लिहायचा, मगच विचारायचं. अस्तित्वातच नसलेलं फंक्शन तो किती ठामपणे सुचवतो, हे अंदाज आधी लिहिलेला असला तरच लक्षात येतं.

अर्जांचा हिशेब ८६ अर्ज, ९ उत्तरं, ४ मुलाखती, १ नोकरी असा आहे. पहिले ५० अर्ज एकाच तीन पानी रेझ्युमेवर पाठवले होते, त्यांतून एकच मुलाखत मिळाली, ती १२ मिनिटांची. मग रेझ्युमे एका पानावर आणला, 'मेहनती, शिकण्यास उत्सुक' वगैरे काढलं आणि वाचनालयाचं ॲप सगळ्यात वर ठेवलं. 'आठ जणांच्या वापरात, शोधातली युनिकोडची चूक दुरुस्त केली', एवढीच ओळ. नोकरी जिथे लागली तिथे कॉलेजातल्या एका सीनियरने नाव सुचवलं होतं, तेही सांगायला हवं. पण त्याने फक्त दार उघडलं. आत ४५ मिनिटांपैकी निम्मा वेळ 'ऱ्या'वरच गेला. सरांनी विचारलं, "आधीच साठवलेल्या नोंदींचं काय केलंत?" मी म्हटलं, "बॅकअप घेऊन सगळ्या एकदा दुरुस्त केल्या. पहिल्यांदा बॅकअप न घेता केल्या होत्या, तेव्हा वही समोर ठेवून पुन्हा भराव्या लागल्या." ते हसले. यावेळचं हसणं वेगळं होतं.

पद ॲप्लिकेशन सपोर्टचं आहे. घरच्यांना आणि थोडं मलाही वाटलं होतं की हे डेव्हलपरपेक्षा खालचं. चार महिन्यांत मत बदललं. दिवसभर लॉग (सर्व्हरच्या नोंदी) वाचते, एसक्यूएल लिहिते, दुसऱ्याचा कोड उलगडते. एररचा क्रमांक ५०२ आला तर मधल्या प्रॉक्सीला (मध्यस्थ सर्व्हरला) मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर मिळालेलं नाही, ५०४ आला तर उत्तर वेळेत आलेलं नाही, एवढ्यावरून शोध कुठून सुरू करायचा ते ठरतं. 'ग्रेप' आणि 'टेल' या लॉग चाळायच्या कमांड तर श्वासासारख्या झाल्यात. रात्रपाळी मात्र जड जाते, आणि नवीन काही लिहायला मिळावं ही भूक शिल्लक आहेच. वर्षभराने अंतर्गत बदली मागणार आहे.

परवा ग्रंथपाल बाईंचा पुन्हा फोन आला. यादी अकारविल्हे लागत नाही म्हणाल्या. 'काळ' हा शब्द 'काव्य'च्या आधी येतो, आणि 'क्षितिज' थेट 'क'च्या घोळक्यात. बरोबर आहे त्यांचं. युनिकोडमध्ये 'ळ'चा क्रमांक 'ल'ला लागून आहे आणि 'क्ष' साठवला जातो 'क', हलन्त, 'ष' असा. मी सरळ त्या क्रमांकांवर क्रम लावला होता, आपल्या वर्णमालेत 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' 'ह'च्या नंतर येतात हे विसरून. आयसीयू नावाच्या सॉफ्टवेअर लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) भाषेनुसार क्रम लावायची सोय आहे. या रविवारी ती जोडून बघते. बॅकअप आत्ताच घेऊन ठेवलाय.