‘फायरिंग लाइन’चा जुना खजिना: चार तारे

उजव्या विचारांचा अमेरिकी पत्रकार विल्यम बकली याच्या ‘फायरिंग लाइन’ या टीव्हीवरच्या मुलाखती-वादविवादाच्या कार्यक्रमाचे (१९६६ ते १९९९) जुने भाग हूव्हर इन्स्टिट्यूशनने यूट्यूबवर फुकट ठेवलेत. अमेरिकेतले सगळे उजवे एका माळेचे मणी आहेत, असं वाटत असेल तर जरूर बघा.

सुरुवात १९६८ च्या जॉर्ज वॉलेसपासून करा. वर्णभेदाचा कट्टर पुरस्कर्ता, अलाबामाचा माजी गव्हर्नर. बकली खुर्चीत इतका रेललेला, की आता घसरतो की काय! हातात क्लिपबोर्ड. आणि हा पठ्ठ्या वॉलेसचा हिशेबच काढतो: सरकारी तिजोरी सढळ हाताने रिकामी करणारा तू, तू कसला रे पुराणमतवादी? डाव्या पाहुण्यांना चिमटे काढणारा बकली घरच्यांना मात्र सोलून काढतो.

१९८८ चा रॉन पॉलचा भाग तर आमच्या एडिसनमधल्या घरातलाच. माझे दोन्ही दीर रिपब्लिकनांना मत देतात. थोरल्या भाऊजींना गर्भपातावर बंदी हवी. धाकट्याचं म्हणणं, कोण काय ओढतो हे सरकारने विचारूच नये, आणि परदेशातलं सैन्य घरी आणावं. पॉल त्या वर्षी, सरकारची ढवळाढवळ कमीत कमी हवी म्हणणाऱ्या लिबर्टेरियन पक्षातर्फे अध्यक्षपदाला उभा होता. धाकट्याची सगळी वाक्यं त्याच्याच तोंडची निघाली!

चौथ्या ताऱ्यावर का थांबले? हे भाग बघून वाटतं, माथेफिरूंना बकलीने दारातच अडवलं. तेवढं सरळ नाही ते. माजी अध्यक्ष आयझेनहॉवरलाच कम्युनिस्टांचा हस्तक ठरवणाऱ्या रॉबर्ट वेल्चवर त्याने १९६२ मध्ये टीका केली खरी, पण वेल्चच्या जॉन बर्च सोसायटी या कट्टर कम्युनिस्टविरोधी संघटनेच्या सदस्यांना तेव्हा सांभाळून घेतलं. अख्ख्या संघटनेशी फारकत घ्यायला १९६५ उजाडलं. आपल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाचे वर्गणीदार दुखावतील, ही धास्ती होतीच. आणि १९५७ मध्ये दक्षिणेत गोऱ्यांचंच चालावं असा अग्रलेख छापणारं नियतकालिकही हेच. वॉलेसला जाब विचारताना हे कोणी त्याच्या पुढ्यात ठेवायला हवं होतं.

पनामा कालवा त्या देशाच्या ताब्यात द्यावा की नाही, यावरचा १९७८ चा वादविवादही सोडू नका. रेगन एकीकडे, बकली दुसरीकडे, तरी टोमणे मैत्रीतले. फक्त बकलीचं इंग्रजी भयंकर जड, तेव्हा सबटायटल्स लावूनच बसा.