ई-मॅक्स चिकटवताना: एचएफ-सिलेन की एकाच बाटलीतला प्रायमर?

दातावर ई-मॅक्स (लिथियम डायसिलिकेट, काच असलेलं सिरॅमिक) चिकटवण्याआधी त्याची आतली बाजू तयार करावी लागते. ती एचएफ म्हणजे हायड्रोफ्लोरिक आम्लाने कोरून वर सिलेन (सिरॅमिक आणि सिमेंट जोडणारं रसायन) लावायचं, की दोन्ही कामं करणारा एकच प्रायमर वापरायचा? आधी झिरकोनिया हे दुसरं सिरॅमिक बाजूला काढू. त्यात काचच नसते, त्यामुळे हायड्रोफ्लोरिक आम्लाला खायला काही मिळत नाही. तिथे ५० मायक्रॉन अ‍ॅल्युमिनाने कमी दाबाचं सँडब्लास्टिंग आणि एमडीपी (झिरकोनियाला धरणारा फॉस्फेट रेणू) असलेला प्रायमर. ट्रायलनंतर, म्हणजे तोंडात बसवून पाहिल्यावर, फॉस्फोरिक आम्लाने साफ करायचा मोहही टाळा. त्यातला फॉस्फेट झिरकोनियाला धरून बसतो आणि एमडीपीला जागा उरत नाही.

खरा प्रश्न ई-मॅक्स आणि फेल्डस्पॅथिक (जास्त काच असलेलं पोर्सिलेन) व्हिनीरचा, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायच्या पातळ थराचा.

एचएफचा अनुभव १९८०च्या दशकापासूनचा आहे. ई-मॅक्सवर ५ टक्के आम्ल फक्त २० सेकंद, फेल्डस्पॅथिकवर एक मिनिट किंवा उत्पादक सांगेल तितकं. जास्त ठेवलं की पकड वाढते हा गैरसमज. काच जास्त विरघळते आणि पातळ व्हिनीर कमकुवत होतं. धुतल्यावर आतली बाजू दुधी, निस्तेज दिसायला हवी. पण त्यावर कधीकधी पांढरी पूड बसलेली असते, ती नुसत्या पाण्याने जात नाही. अल्ट्रासॉनिकमध्ये फिरवा, मगच सिलेन. सिलेनची बाटली गढूळ झाली असेल तर सरळ फेकून द्या, तारीख उरली असली तरी.

धोका मात्र खरा आहे. हे आम्ल काच खातं म्हणून प्लास्टिकमध्येच येतं. त्वचेवर पडलं तर दुखणं उशिरा सुरू होऊ शकतं, तोवर फ्लोराइड आत मुरलेलं असतं. क्लिनिकमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (फ्लोराइडला बांधून ठेवणारा प्रथमोपचार) नसेल, तर एचएफ ठेवूच नये असं मी म्हणेन.

मोनोबाँड एच (Etch) अँड प्राइमसारख्या प्रायमरमध्ये अमोनियम पॉलिफ्लोराइड आणि सिलेन एकत्र असतात. २० सेकंद घासायचं, ४० सेकंद ठेवायचं, धुऊन सुकवायचं. ट्रायलमध्ये लागलेली लाळही त्यातच निघते, असा उत्पादकाचा दावा आहे. कोरीव काम एचएफपेक्षा सौम्य होतं, त्यामुळे तो दुधीपणा पाहून खात्री करून घेता येत नाही. सेकंद मोजण्यावरच भिस्त. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत: बऱ्याच ठिकाणी बरोबरी, काही ठिकाणी एचएफ पुढे. बाटली स्वस्त नाही, पण वेगळं सिलेन घ्यावं लागत नाही.

मला विचाराल तर, महिन्याला मोजकेच ई-मॅक्स करणाऱ्या, एका असिस्टंटवर चालणाऱ्या क्लिनिकने प्रायमर घ्यावा. फेल्डस्पॅथिक व्हिनीर नेहमी करत असाल, तर एचएफ सोडू नका. आणि निवड काहीही असो, लॅबला फोन करून विचारा, की त्यांनी आधीच आम्लाने कोरून पाठवलंय का. तसं असेल तर पुन्हा एचएफ नको. इथे झिरकोनियासारखी अडचण नाही: ट्रायलनंतर फॉस्फोरिक आम्लाने साफ करून धुवायचं, सुकवायचं आणि ताजं सिलेन लावायचं.