फोंड्यातली फायबर जोडणी: वेग उत्तम, राउटर असुरक्षित

वेगाला नाव ठेवायला जागा नाही. जोडणी जीपॉनची (एकच फायबर अनेक घरांत वाटणारं तंत्र), आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.९८४ मानकाची: खाली, म्हणजे घराकडे येताना सेकंदाला २.४८८ गिगाबिट, वर जाताना १.२४४, तेही एका स्प्लिटरवरच्या (फायबरमधला प्रकाश वाटणाऱ्या भागावरच्या) सगळ्या घरांत मिळून. खाली येणारा डेटा त्या प्रत्येक घरापर्यंत पोचतो, म्हणून तो शेजाऱ्यांना वाचता येऊ नये यासाठीची एईएस-१२८ कूटबद्धता चालू आहे ना, हे जोडणाऱ्याला विचाराच.

राग येतो तो राउटरचा. पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून वाय-फायला जोडायची सोय) चालू! पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस आणि बाहेरून होणारं लॉगिन बंद करा.

पावसाळ्यात जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरलं की प्रकाश क्षीण होतो. बी-प्लस वर्गाच्या ओएनटीची (फायबर जिथे जोडली जाते त्या घरातल्या पेटीची) प्रकाश टिपण्याची मर्यादा उणे २७ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं एकक; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). आकडा उणे २५वर आला की लगेच तक्रार नोंदवा, लाल दिव्याची वाट पाहू नका.