पिकअप गेला, गाडी मिस करतेय: मॉडिफाय केलेली गाडी आधी कोणाकडे न्यावी?

गेल्या पावसाळ्यात जुन्या कात्रज घाटात माझ्या गाडीने अचानक मान टाकली. १.२ लिटर टर्बो पेट्रोल हॅचबॅक, स्टेज १ रिमॅप (इंजिनच्या कंप्युटरमधली फाइल जास्त जोरासाठी बदललेली), उघडा कोन एअर फिल्टर, बाकी सगळं स्टॉक, म्हणजे कंपनीने दिलं तसंच. दुसऱ्या गिअरला अडीच हजार आरपीएमच्या पुढे पाय दाबला की इंजिन थरथरायचं, गाडी ओढायचीच नाही आणि मीटरमधला पिवळा चेक लाइट लुकलुकायचा. घाट उतरल्यावर पहिलं गॅरेज दिसलं तिथे थांबलो. तिथल्या माणसाने बोनेट उघडलं, दहा नंबरचा पाना घेतला आणि बॅटरीचं टर्मिनल काढलं. दहा मिनिटांनी परत लावलं. लाइट गेला, गाडी सुधारल्यासारखी वाटली, दोनशे रुपये देऊन मी निघालो. इंजिनच्या कंप्युटरने जपून ठेवलेला सगळा पुरावा त्या दहा मिनिटांत पुसला गेला होता. हे कळायला मला पुढचे अठरा दिवस लागले.

ज्यांच्या गाडीला सध्या असंच झालंय आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर, ट्यूनर (रिमॅपची फाइल लिहिणारा), ओळखीचं गॅरेज की स्वतःचा स्कॅनर हे ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: पहिल्या दिवशी स्कॅनर, दुसऱ्या दिवशी चांगलं स्वतंत्र गॅरेज. ट्यूनर तिसरा. कंपनी फक्त वॉरंटी चालू असेल तर, किंवा गाडी पूर्ण स्टॉकवर आणल्यावर.

स्कॅनर: इलाज नाही, पण साक्षीदार

ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ अडॅप्टर हजाराच्या आसपास मिळतो. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचा सॉकेट असतो, त्यात लावायचा आणि मोबाइलवर ॲप उघडायचं. पुण्यात बीएस४ हे प्रदूषणाचं मानक २०१० सालीच लागू झालं आणि २०२० पासून देशभर बीएस६ आलं, त्यामुळे रस्त्यावरच्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच्याशी बोलतात. अगदी स्वस्त नकली अडॅप्टर मध्येच तुटतात आणि कंपनीचे खास कोड वाचत नाहीत, हे धरून चाला.

पहिलं काम म्हणजे कंप्युटरने नोंदवलेल्या दोषाच्या कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढणे. दोष नोंदवला त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिनवर भार किती होता, कूलंट किती गरम होता, हे सगळं फ्रीझ फ्रेममध्ये असतं. फोटो काढेपर्यंत कोणालाही कोड पुसू देऊ नका, बॅटरीला हात लावू देऊ नका.

पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या क्रमांकाचा सिलिंडर मिस करतोय, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नाही (मिसफायर). पी०३०० म्हणजे मिसफायर एका ठिकाणी नाही, फिरतंय. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. पी०२९९ म्हणजे कंप्युटरने मागितलेला बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, टर्बोने भरला नाही. कोड म्हणजे निदान नव्हे, शोध कुठून सुरू करायचा तेवढंच तो सांगतो. पी०१७१ दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदलायला निघतात ते पैसे हमखास वाया जातात, कारण बहुतेक वेळा सेन्सर खरंच सांगत असतो.

पुण्यात एक सोपी तपासणी करता येते. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी मॅप सेन्सरने (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) ९४-९५ किलोपास्कलच्या जवळपास दाखवायला हवं. तो ८० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर संशयित आहे. ही गोष्ट मला कोणत्याही गॅरेजने सांगितली नाही.

मग फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कंप्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय. आयडलला ट्रिम अधिक वीस टक्क्यांच्या वर आणि अडीच हजार आरपीएमला धरून ठेवल्यावर खाली येत असेल, तर इनटेकला कुठेतरी हवा शिरतेय. उलट आयडलला ठीक आणि भार दिला की चढत असेल, तर पंप, फिल्टर किंवा इंजेक्टरकडून पेट्रोल पुरत नाहीये. यात इथेनॉलचा हिशेबही धरा. ई१० (दहा टक्के इथेनॉल) पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.१ भाग हवा लागते, ई२० ला १३.५. म्हणजे जुनी फाइल ई१० च्या काळात लिहिलेली असेल तर ई२० वर लाँग टर्म ट्रिम चार-पाच टक्के वर दिसणं साहजिक आहे. त्याला दोष समजू नका.

ओढत नाही, की थरथरते?

कोणाकडे जायचं हे या प्रश्नावर ठरतं. गाडी गुळगुळीत चालते पण जोरच नाही, पाय दाबल्यावर बोनेटखालून फुस्स असा आवाज येतो, तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारा) एखादा होज निसटलाय किंवा फाटलाय. रिमॅपनंतर बूस्ट वाढतो आणि जुना क्लॅम्प तो सहन करत नाही. मॅफ सेन्सरवर (आत जाणारी हवा मोजणारा) चालणाऱ्या गाडीत हे झालं की मोजलेली हवा बाहेर पळते, मिश्रण जाड होतं (पेट्रोल जास्त) आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो. फक्त मॅप सेन्सर असलेल्या गाडीत धूर दिसत नाही, नुसता जोर जातो. तेल लावायचा कॉटन फिल्टर असेल तर तेल जास्त झालंय का तेही बघा, मॅफच्या तारेवर बसलं की आकडे चुकतात.

थरथरत असेल तर इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी कॉईल, प्लग, वायरिंग. शिवाय सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी चार दिवस उभी असेल तर उंदीर. हे मी गंभीरपणे सांगतोय. इंजेक्टरच्या हार्नेसची (तारांच्या जुडग्याची) एक तार अर्धी कुरतडलेली असली तरी लक्षणं हुबेहूब कॉईल गेल्यासारखी दिसतात, आणि माणूस आधी कॉईल बदलून बसतो.

स्वतंत्र गॅरेज आणि ट्यूनर

माझी गाडी शेवटी भोसरीच्या एका छोट्या गॅरेजात सुटली. तोपर्यंत दोन ठिकाणी थ्रॉटल बॉडी साफ झाली होती, इंजेक्टर क्लीनिंग झालं होतं, पेट्रोल फिल्टर बदलला होता. भोसरीच्या मेकॅनिकने आधी घाटात नेमकं काय झालं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग स्कॅनर लावला, पी०३०२ दाखवला आणि म्हणाला, "साहेब, अजून काहीच विकत घेऊ नका. दोन नंबरची कॉईल तीनवर टाकतो, बघू मिसिंग कुठं जातंय." कोड पुसला, मला शेजारी बसवून भोसरीच्या पुलावर तिसऱ्या गिअरला जोर दिला. गाडी थरथरली आणि कोड आला पी०३०३. मिसिंग कॉईलच्या मागे गेलं होतं. परत आल्यावर त्याने टॉर्च धरून कॉईलच्या रबरी बूटवर केसासारखी पांढुरकी रेघ दाखवली, ठिणगी तिथून फुटत होती. मग प्लग काढून फीलर गेज घातला. गॅप ०.९ मिलिमीटर. ट्यूनरने ०.६५ सांगितला होता, पण बसवताना कोणी मोजलाच नव्हता. बूस्ट वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, रुंद गॅप ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि त्याचा ताण कॉईलवर येतो. प्लगमुळे कॉईल मेली होती. नुसती कॉईल बदलली असती तर तीही सहा महिन्यांत गेली असती.

गॅरेज निवडताना फोनवरच दोन गोष्टी विचारा. स्मोक मशीन (धूर सोडून हवेची गळती शोधणारं) आहे का, आणि तपासणीचे वेगळे पैसे घेता का. "तपासणी फुकट, पार्ट टाकू आणि बघू" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. तपासणीचे पैसे घेणारा माणूस दोष सापडेपर्यंत थांबतो. चांगलं गॅरेज कॉम्प्रेशन टेस्टही करतं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते मोजतं. तिथे आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं, एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा-वीस टक्क्यांनी खाली असेल तर गोष्ट प्लगच्या पलीकडे गेली. पार्ट नाना पेठेत घ्यायचे तर भरवशाच्याच दुकानातून घ्या, प्लगची नक्कल बाहेरून ओळखू येत नाही.

ट्यूनरकडे जाणं तेव्हा शहाणपणाचं, जेव्हा होज, कॉईल, प्लग सगळं ठीक निघालंय. मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) आणि नॉकमुळे (मिश्रण अवेळी पेटल्यामुळे) मागे ओढलेलं ठिणगीचं टायमिंग, एवढा लॉग तोच नीट वाचू शकतो. फाइल जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर लिहिलेली आणि टाकीत साधं, तर कंप्युटर टायमिंग मागे घेतो आणि जोर जातो, पण गाडी थरथरत नाही. पुण्यात एक्सपी१०० हे १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० पासून मिळतं, एक टाकी भरून फरक पडतो का हे बघायला हरकत नाही.

ट्यूनर बहुतेक वेळा एक प्रयोग सुचवतो: स्टॉक फाइल टाकून बघू. करा, पण त्यातून घाईने निष्कर्ष काढू नका. स्टॉक फाइलवर गाडी नीट चालली म्हणजे फाइल वाईट, असं होत नाही. बूस्ट कमी झाला की अर्धमेली कॉईलही तग धरते. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं आणि आठवडाभर आम्ही सगळे फाइललाच शिव्या देत बसलो.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर

त्यांचा स्कॅनर सगळे कोड वाचतो आणि मॉडेलचे माहीत असलेले दोष त्यांच्या यादीत असतात. पण गाडी मॉडिफाय आहे म्हटल्यावर पहिली सूचना "आधी सगळं स्टॉक करा" हीच येते, आणि त्यांच्या बाजूने ती रास्त आहे. सॉफ्टवेअर अपडेट झालं तर तुमची फाइल पुसली जाईल. फोक्सवॅगन समूहाच्या गाडीत रिमॅप आढळला तर नोंदीत टीडी१ ही खूण लागते आणि इंजिनच्या वॉरंटीचा दावा अडकतो. काय बदललंय ते लपवू नका, नाहीतर तपासणी भलतीकडे जाते. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांविषयीचं कलम ५२ आणि विम्याच्या अटी फिल्टर-फाइल लावण्याआधीच वाचायला हव्या होत्या, हे मी स्वतःलाही सांगतो.

तुमच्या गाडीचं काय?

चेक लाइट स्थिर आहे, फक्त जोर गेलाय: हळू चालवत घरी या, कोड काढा, टॉर्च घेऊन प्रत्येक होज हाताने हलवून बघा. निम्म्या वेळा ढिला क्लॅम्प तिथेच सापडतो. लाइट लुकलुकतोय आणि गाडी थरथरतेय: न जळालेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय, तो वितळला तर कॉईलच्या कितीतरी पट खर्च. घाट असो की नवले पूल, जागा बघून बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा. ऑटोमॅटिक असेल तर दोरीने ओढू देऊ नका, फ्लॅटबेडच मागवा.