आठ नंबरची सुई: विणकाम शिकायचा संच पावसाळाभर वापरल्यावर

संचात काय काय येतं ते विक्रीच्या पानावर लिहिलेलंच आहे, त्यामुळे ती यादी परत देत नाही. बांबूच्या सुया, गोल सुई, लोकर, क्रोशाची सुई आणि मोबाईलवर बघायचे धडे, हे सगळ्यांना माहीत आहे. किंमत १,२९९ रुपये. ऑक्टोबरमध्ये मी याच संचाला एक तारा दिला होता आणि खाली चार ओळींचा राग लिहिला होता. आता जानेवारी आहे. तारे वाढवतेय, पण राग पूर्ण गेलेला नाही. तो का गेला नाही ते आठ नंबरच्या सुईवर येईन तेव्हा सांगते.

आम्ही कोकणात हर्णैला राहतो, बर्फाचा धंदा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, म्हणजे बर्फालाही गिऱ्हाईक नाही. त्या दोन महिन्यांत हाताला काम हवं म्हणून संच मागवला. कमाई बंद असताना तेराशे रुपये घालवले, तेव्हा त्यातला रुपया न् रुपया वसूल व्हायला हवा, हे आधीच सांगून ठेवते.

पहिला महिना वैतागाचा. बांबूच्या सुया नवशिक्यांसाठी चांगल्या म्हणतात, कारण त्यांवरून टाके घसरत नाहीत. कबूल. पण जुलैत आमच्याकडे हवेत एवढा ओलावा असतो की बरणीतलं मीठ पाणी सोडतं. तळव्यांना घाम, लोकर ॲक्रिलिकची, सुई दमट. टाका सरकता सरकेना, प्रत्येक टाका नखाने ढकलायचा. शेवटी सुयांवर मेणबत्ती हलकीशी फिरवून सुती फडक्याने खसखसून पुसल्या, मग जरा हलायला लागल्या. संचाच्या कागदावर हे कुठेही नाही. पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत बसून लिहिलेला कागद आहे तो.

आणि धडे! शिकवणाऱ्या बाईंचं हिंदी शांत आणि स्पष्ट आहे, पण पहिले चार धडे निव्वळ सुलट टाका. जातानाही सुलट, येतानाही सुलट. दुसऱ्या धड्यानंतर मला वाटलं, पैसे घेऊन हे एवढंच शिकवणार का? आमच्या सासूबाई (त्यांना मी आईच म्हणते) एके काळी गिरगावात राहायच्या आणि ऑफिसला जाता-येता लोकलमध्ये विणायच्या. त्यांनी मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही बाई बरोबर करत्ये, तूच घाई करत्येस." मी तेव्हा गप्प बसले.

त्या चार धड्यांचं मोल मला सप्टेंबरात कळलं, म्हणून इथे जरा थांबते. नवीन शिकणाऱ्या प्रत्येकाचा एक ठरलेला घोटाळा होतो: वीस टाके घातले, दहा ओळी विणल्या, मोजले तर सव्वीस. चौकोनाचा पंखा झालेला. हे कुठून येतात ते कोणी सांगत नाही. बाई सांगतात. ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे टाकला की पहिला टाका वर ओढला जातो आणि त्याचे दोन्ही पाय दिसायला लागतात. ते दोन टाके समजून आपण दोनदा विणतो. धागा सुईखालून मागे घ्यायचा, मग एकच टाका दिसतो. दुसरं कारण, मधेच धागा पुढे राहिला आणि तसाच पुढचा सुलट टाका विणला की सुईवर एक जास्तीचा वेढा बसतो. पुढच्या ओळीत त्याचा टाका होतो आणि खाली भोक पडतं. ही दोन कारणं समजली की निम्मा वैताग संपतो. त्यानंतर प्रत्येक ओळीच्या शेवटी मोजायची सवय लागली, आणि ते ओळी मोजायचं प्लास्टिकचं चिमुकलं यंत्र मी नातवंडांना खेळायला दिलं. ते आपोआप फिरतं, त्याचा उपयोग शून्य.

पाचवा धडा सगळ्यात चांगला. बाई म्हणतात, एक टाका मुद्दाम सोडा. सुईवरून काढा आणि खाली चार ओळी उसवू द्या. माझे हात थांबले, कारण तोवर निसटलेला टाका म्हणजे सगळं गेलं असंच डोक्यात होतं. मग क्रोशाची सुई त्या सुट्या फासात घालायची, वरची शिडीची पायरी पकडायची, फासातून ओढायची, परत वरची पायरी. चार पायऱ्या चढल्या की टाका जागेवर. गार्टरमध्ये, म्हणजे जाता-येता सुलटच विणलेल्या विणीत, एक पायरी पुढून आणि एक मागून उचलावी लागते. सुलट बाजूचा टाका व्ही अक्षरासारखा दिसतो आणि त्याचीच पाठ म्हणजे उलट टाक्याची आडवी गाठ. टाका एकच, बाजू दोन. हे डोळ्यांत बसलं की चूक कुठे झाली ते मोबाईल न बघता कळतं. ज्यांना वाटतं आपल्याला जमणार नाही, त्यांनी निदान हा धडा बघेपर्यंत सुया ठेवून देऊ नयेत. धागा तुटत नाही, लोकर संपत नाही, उसवलं की परत तोच गुंडा.

कॅमेरा बाईंच्या खांद्यावरून खाली रोखलेला आहे, म्हणजे आपले हात आपल्याला जसे दिसतात तसेच त्यांचे दिसतात. समोरून घेतलेले फुकटचे व्हिडिओ बघून डावं-उजवं उलटं करत बसण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. तोवर माझं मत तीन ताऱ्यांवर आलं होतं.

आता आठ नंबर.

शेवटच्या धड्यात बाळाचं टोपरं आहे, साधारण सहा महिन्यांच्या बाळासाठी. कागदावर लिहिलंय: आठ नंबरच्या गोल सुईवर बहात्तर टाके घाला. नणंदेचा नातू दापोलीला. अंतर फार नाही, पण दापोली वर पठारावर असल्याने तिथे डिसेंबरात खरंच थंडी पडते, तेव्हा आमच्याकडे खाली समुद्रावर पंखा चालूच असतो. टोपऱ्याला निमित्त होतं म्हणून ते हातात घेतलं. रिबची, म्हणजे काठाच्या सुलट-उलट टाक्यांची, पट्टी झाली आणि गोल सुईचा जोड सुटला. म्हणजे मधली प्लास्टिकची केबल बांबूच्या टोकातून बाहेर आली आणि टाके मांडीवर. पाचव्या धड्याच्या जोरावर ते सगळे उचलले, त्याबद्दल बाईंना नमस्कार.

कंपनीला कळवलं. फोटो पाठवा, मग व्हिडिओ पाठवा, मग पिशवीवरचा बारकोड पाठवा. बारकोडची पिशवी कोण जपून ठेवतं? बदली सुई यायला किती दिवस लागतील ते सांगेनात, म्हणून आईंच्या जुन्या पेटीतून आठ नंबरच्या स्टीलच्या सुया काढल्या (समुद्राच्या हवेने गंजाचे ठिपके पडलेले, बारीक पॉलिश पेपरने घासल्या), आणि टोपरं सपाट विणून मागून शिवायचं ठरवलं. आठच्या जागी आठ. विणलं, शिवलं, आणि नारळाला सुद्धा बसेना.

शेजारी बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा मुलगा राहतो, त्याच्याकडे जाडी मोजायचं व्हर्नियर आहे. त्याला दोन्ही सुया दिल्या. आईंची सुई चार मिलिमीटर, संचातली पाच. दोन्हींचा नंबर आठ! तो हसून म्हणाला, "वहिनी, तारेचंपण तसंच असतं. नंबर वाढला की तार बारीक." आणि तेच खरं निघालं. आपल्याकडच्या जुन्या सुयांचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे, तारेच्या गेजवरून (जाडीच्या नंबरांवरून) आलेले: आठ म्हणजे चार मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन, सहा म्हणजे पाच. अमेरिकन नंबर उलटे चढतात: सहा म्हणजे चार मिलिमीटर, आठ म्हणजे पाच, दहा म्हणजे चक्क सहा. दोन्हीकडे जुळतो तो फक्त सात, साडेचार मिलिमीटर. संचाचा कागद अमेरिकन नंबरांचा आहे आणि विकला जातोय जिथे घरोघरी आजीच्या पेटीत ब्रिटिश नंबर पडलेत तिथे.

एका मिलिमीटरने काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी हिशेब. पाचच्या सुईवर त्या लोकरीचे दहा सेंटीमीटरमध्ये अठरा टाके बसतात, चारच्या सुईवर बावीस. बहात्तर टाक्यांचा घेर पहिल्या सुईवर चाळीस सेंटीमीटर, दुसऱ्या सुईवर जेमतेम तेहतीस. तेहतीस म्हणजे नुकत्या जन्मलेल्या बाळाचं डोकं. सहा महिन्यांचं बाळ ते कानावर तरी घालेल का?

फोनवरच्या मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, आठ म्हणजे आठच." मी म्हटलं, बाळा, मिलिमीटर सांग. ती म्हणाली, आमच्याकडे आठ असंच लिहिलंय. हा संवाद माझा तीन वेगवेगळ्या मुलींशी झाला असेल, आणि तिघींचं उत्तर शब्दशः एक. एक तारा तेव्हाचा.

बदली सुई नोव्हेंबरात आली. जोड पक्का आहे, अजून सुटलेला नाही. आणि त्या सुईवर बारीक अक्षरांत कोरलंय: ५.० मिमी. म्हणजे त्यांना ठाऊक होतं! कोरायला लेसर परवडतो, कागदावर दोन अक्षरं छापायला नाही. कागद अजून तोच आहे, हे भावजयीने नवीन घेतलेल्या संचाच्या डब्यात पाहून खात्री केली.

ऑक्टोबरपासून बांबूबद्दल माझं मत पूर्ण बदललं, तेही नोंदवते. ओलावा उतरल्यावर त्या सुया सुरेख चालतात. आईंच्या स्टीलच्या सुईवरून सुई उचलताना टाके घरंगळतात, बांबूवरून नाही. तेव्हा किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हा संच पावसात न मागवता दसऱ्याच्या सुमारास मागवावा. लोकरीचा गडद निळा गुंडा बाजूला ठेवून फिका घ्यावा, वीज गेल्यावर निळ्यावर टाके दिसत नाहीत. आणि ॲक्रिलिकचा कंटाळा आला की जाड सुती धागा घ्या: भांडी पुसायची फडकी आमच्या हवेत स्वेटरपेक्षा जास्त कामाची. सूत लोकरीसारखं ताणलं जात नाही, बोटं दुखतात, म्हणून सैल विणा.

स्वस्तात करायचं तर? दापोलीच्या बाजारात ॲल्युमिनियमच्या सुयांची साधी जोडी आणि लोकरीचा गुंडा मिळून संचाच्या चौथाईतही भागतं. घरात शिकवणारं कोणी असेल तर तेच करा. नसेल तर धड्यांसाठी पैसे द्यायला हरकत नाही. तीन तारे, त्यातले अडीच बाईंचे. चौथा, कागदावर मिलिमीटर छापतील त्या दिवशी.

तोवर त्या इंजिनवाल्या मुलाने पत्र्याच्या एका पट्टीला ड्रिलने भोकं पाडून दिलीत: तीन, साडेतीन, चार, साडेचार, पाच. सुई ज्या भोकातून जेमतेम जाते तो तिचा आकार. आई सध्या पेटीतली एकेक सुई त्यातून घालून बघतायत. त्यांच्या दहा नंबरच्या जोडीतली एक तीनच्या भोकातून आरपार गेली, दुसरी अडकली. गिरगावात असताना विणलेला बाबांचा (माझ्या सासऱ्यांचा) स्वेटर एका बाजूला का ओढायचा, ते आत्ता कळलं म्हणाल्या.