आर-10 मॅच पेलेट : एअर पिस्तुलासाठी हलके की जड?

आरडब्ल्यूएस या जर्मन कंपनीचे 4.5 मिमी व्यासाचे आर-10 मॅच पेलेट (स्पर्धेसाठीचे शिशाचे छर्रे) दोन वजनांत मिळतात, 0.45 ग्रॅम आणि 0.53 ग्रॅम. हलके पिस्तुलासाठी व जड रायफलसाठी असा संकेत आहे. तरी रत्नागिरीत पिस्तूल शिकणाऱ्या मुलांचे पालक 500 नगांचा डबा मागवण्यापूर्वी हमखास विचारतात, की जड पेलेट अधिक अचूक जात नाही का. दोन्ही वापरून पाहिल्यावर माझे मत हलक्या पेलेटच्या बाजूने आहे.

हवेच्या दाबाने मिळणारी ऊर्जा समान धरली, तर हलका पेलेट साधारण 8 टक्के अधिक वेगाने सुटतो आणि नळीतून लवकर बाहेर पडतो. रायफलला दोन्ही हातांचा व खांद्याचा आधार असतो. पिस्तूल एकाच लांबवलेल्या हातावर तोललेले असते, त्यामुळे पेलेट नळीत असताना मनगट किंचित जरी ढळले, तरी तो दोष लक्ष्यावर उमटतो. नवशिक्याच्या हातात म्हणूनच हा अल्पसा अवधीही मोलाचा ठरतो.

जड पेलेट फार खाली पडतो, ही तक्रार मात्र मला पटत नाही. सेकंदाला 150 मीटर वेगाने सुटलेला हलका पेलेट 10 मीटरवर सुमारे 22 मिमी खाली येतो, जड पेलेट त्याहून तीन-चार मिमी अधिक. एवढी तफावत मागच्या साइटच्या (नेम धरायच्या खाचेच्या) स्क्रूच्या काही क्लिकमध्ये भरून निघते. फक्त एकाच सत्रात दोन्ही वजने मिसळू नयेत. एखाद्या नळीतून जड पेलेटचेच ग्रुपिंग (लागोपाठ झाडलेल्या पेलेटच्या छिद्रांचा पुंजका) लहान येते, तेव्हा पिस्तूल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरून पाहिल्यावर जे दिसेल ते माझ्या मतापेक्षा ग्राह्य मानावे.

घडणीबद्दल तक्रारीला जागा नाही. सपाट डोक्यामुळे कागदावर स्वच्छ गोल छिद्र पडते आणि गुण मोजताना वाद होत नाही. किंमत आयात मालाची आहे, त्यामुळे रोजच्या सरावाला स्वस्त देशी पेलेट आणि स्पर्धेला व तिच्या आधीच्या सरावाला आर-10, अशी विभागणी मला योग्य वाटते.

आपल्या किनाऱ्यावर वजनाइतकाच साठवणीचा विचार करायला हवा. दमट, खाऱ्या हवेत आणि लाकडी कपाटात कोंडलेल्या आम्लयुक्त वाफांत शिशावर पांढरी भुकटी चढते. असा पेलेट नळीत नीट बसत नाही, शिवाय ती भुकटी विषारी असते. डबा सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद प्लास्टिकच्या बरणीत ठेवावा आणि सरावानंतर मुलांना हात साबणाने धुवायला लावावेत. आगोटीची बेगमी करताना पेलेटचे डबेही चार महिन्यांसाठी भरून ठेवण्याची सवय काही घरांत आहे. त्याऐवजी एक डबा संपत आला की दुसरा मागवावा.