डेस्कटॉपचा डीव्हीडी रायटर बदलला, त्याला आठ महिने झाले

आठ महिन्यांपूर्वी माझ्या डेस्कटॉपमधल्या डीव्हीडी रायटरने मान टाकली. "आता डिस्क कोण वापरतं, काढून टाक" असंच बहुतेकांनी सांगितलं. पण माझ्या कपाटात दीडशेच्या आसपास डिस्क होत्या. घरचे फोटो, जुनी रेकॉर्डिंग्ज, कामाचे बॅकअप असं बरंच काही, आणि निम्म्याहून जास्त डिस्कची दुसरी प्रत कुठेच नव्हती. म्हणून नवा ड्राइव्ह घेतला आणि आठवड्यातले तीनचार दिवस तो चालवला. त्याबद्दल लिहितेच, पण आधी बिघाड कसा सापडला ते सांगते. ती माहिती कोणत्याही ड्राइव्हला उपयोगी पडेल.

जुना ड्राइव्ह असं करायचा: डिस्क घातली की गरगर फिरवायचा, थांबायचा, पुन्हा फिरवायचा, आतून खट्‌खट्‌ आवाज यायचा आणि शेवटी विंडोज सांगायचं की डिस्क घाला. दोन दिवस मी डिस्कलाच दोष देत होते. तिसऱ्या दिवशी चार वेगवेगळ्या डिस्क घेऊन बसले: एक छापील ऑडिओ सीडी, एक घरी बर्न केलेली सीडी, एक छापील डीव्हीडी आणि एक बर्न केलेली डीव्हीडी. दोन्ही सीडी चालल्या, दोन्ही डीव्हीडी अडल्या.

एवढ्यावरून बरंच कळलं. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. एक मंदावला तरी दुसरा व्यवस्थित चालू राहू शकतो. किंवा भिंगावर धूळ असेल, कारण धुळीचा त्रासही आधी डीव्हीडीलाच होतो. सीडीवरच्या रेषा एकमेकींपासून १.६ मायक्रॉनवर असतात, डीव्हीडीवरच्या फक्त ०.७४ मायक्रॉनवर. काही असलं तरी केबल आणि ड्रायव्हर (ड्राइव्ह चालवणारं सॉफ्टवेअर) यांच्यावरचा संशय जवळपास मिटला. केबल खराब असती तर सीडीसुद्धा नीट वाचली गेली नसती.

तरी खात्रीसाठी पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, सुरू करून पाहिलं. तिथेही डीव्हीडी उघडली नाही, म्हणजे दोष विंडोजचा नव्हता. ही चाचणी पंधरा मिनिटांची आहे, आणि विंडोज पुन्हा टाकण्याचा खटाटोप त्यामुळे वाचतो. ड्राइव्ह मुळातच दिसत नसेल तर मात्र वाट वेगळी. आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) त्याचं नाव येतं का ते बघा. तिथे नसेल तर केबल, पोर्ट नाहीतर ड्राइव्ह. तिथे असून विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरवर पिवळं चिन्ह दिसत असेल, तर बर्निंगचं एखादं जुनं सॉफ्टवेअर काढल्यावर रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे ठेवतं तिथे) मागे राहिलेल्या अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नोंदींकडे बोट जातं. त्या काढण्याआधी रजिस्ट्रीची प्रत ठेवाच.

मग भिंग पुसलं. वीज पूर्ण बंद करून ड्राइव्ह बाहेर काढला, पुढच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप घालून ट्रे उघडला, खालचे चार स्क्रू काढले आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने भिंगावरून अगदी हलक्या हाताने फिरवलं. भिंग बारीक तारांवर तरंगतं, त्यामुळे दाबायचं अजिबात नाही. आणि झाकण उघडं असताना ड्राइव्हला वीज द्यायची नाही, आतल्या लेझरने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. यानंतर दोन दिवस डीव्हीडी चालल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू झालं. लेझर थकलाय हे मी तेव्हा मान्य केलं.

नवा घेतला तो कॅबिनेटच्या सव्वापाच इंची खाचेत बसणारा, साटा केबलने थेट मदरबोर्डला जोडायचा डीव्हीडी रायटर. त्याआधी मैत्रिणीचा यूएसबीवर चालणारा सडपातळ ड्राइव्ह आठवडाभर वापरून पाहिला होता. कधीमधी एखादी डिस्क बघायला तो ठीक आहे. पण ओळीने दहा डिस्क उतरवायच्या तर मला आतला ड्राइव्हच पटला. ट्रे भक्कम, वेग जास्त, आणि वीज थेट एसएमपीएसवरून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावरून मिळते. सडपातळ ड्राइव्हला पुढच्या यूएसबी पोर्टमधून वीज अपुरी पडायची आणि तो मधेच बंद व्हायचा, मागच्या पोर्टला लावल्यावर निमूटपणे चालायचा.

बसवायला वीस मिनिटं लागली, त्यातली दहा स्क्रूंनी खाल्ली. डीव्हीडी रायटरला बारीक आट्यांचे एम-थ्री स्क्रू लागतात आणि साडेतीन इंची हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात. एका डबीत दोन्ही मिसळले होते. जाड स्क्रू जोर लावून फिरवला तर आटे जातात, म्हणून स्क्रू हाताने दोन फेरे सहज गेला तरच पुढे पेचकस लावा. ड्राइव्ह पुढच्या बाजूने आत सरकवायचा, मागे दोन केबल जोडायच्या, झालं. ड्रायव्हरची सीडी वगैरे काही लागली नाही, विंडोजने स्वतःच ओळखला.

आता वापराबद्दल. चांगली डीव्हीडी पूर्ण कॉपी व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. पंधरा वर्षं जुन्या, बर्न केलेल्या डिस्कला वीस मिनिटंही लागली, काहींना तासभर. पूर्ण वेगात आवाज मोठा आहे, शेजारी बसून फोनवर बोलता येत नाही. लिनक्समध्ये वेग मुद्दाम कमी केला की आवाजही उतरतो आणि अडखळणाऱ्या डिस्क पुष्कळदा सरळ वाचल्या जातात. ही सोय विंडोजमध्येच हाताशी असती तर फार बरं झालं असतं.

तिसऱ्या महिन्यात घाबरले होते, कारण कॉपी चालू असतानाच ड्राइव्ह गायब व्हायला लागला. पुन्हा नवा घ्यावा लागतोय की काय असं वाटलं. पण दोष निघाला साटा केबलचा. जुनीच केबल वापरली होती, तिला पकडणारी क्लिप नव्हती आणि ड्राइव्हच्या थरथरीने ती सैल व्हायची. क्लिपवाली केबल लावल्यापासून एकदाही तक्रार नाही. ड्राइव्ह बदलताना केबलही बदला, हे मी आता सगळ्यांना सांगते.

सिनेमाची डीव्हीडी विंडोज १० मध्ये घातल्यावर चालली नाही तर ड्राइव्हला दोष देऊ नका. डीव्हीडी चित्रपट चालवणारा प्लेअर त्यात मुळात येतच नाही. व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर टाकला की काम होतं. आणि ड्राइव्हचा रीजन कोड (कुठल्या प्रदेशासाठीच्या सिनेमाच्या डीव्हीडी चालतील ते ठरवणारा आकडा) फक्त पाच वेळा बदलता येतो, तेव्हा गंमत म्हणून तो बदलत बसू नका.

बर्निंगसाठी मी हा ड्राइव्ह थोडाच वापरला, वीसेक डिस्क. प्रत्येक वेळी बर्न झाल्यावर पडताळणीचा पर्याय चालू ठेवला. दोन डिस्क पडताळणीत नापास झाल्या, दोन्ही एकाच डबीतल्या होत्या. वेग कमी केल्यावर त्याच डबीतल्या बाकीच्या नीट झाल्या.

जुना ड्राइव्ह टाकून दिला नाही, हे फार बरं झालं. आजीच्या आवाजातली एमपीथ्री रेकॉर्डिंग्ज असलेल्या एका सीडीवर लेबलच्या बाजूने ओरखडा होता. सीडीमध्ये माहितीचा थर लेबलच्या अगदी खालीच असतो, त्यामुळे तिथला ओरखडा चकाकत्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा घातक. नव्या ड्राइव्हने बरीच सीडी वाचली आणि एका पट्ट्यावर येऊन हात टेकले. मी डीडीरेस्क्यू वापरत होते, खराब डिस्कवरून जमेल तेवढी माहिती एका फाइलमध्ये (तिला इमेज म्हणतात) उतरवणारं सॉफ्टवेअर. कुठले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे तुकडे) वाचले आणि कुठले राहिले याची नोंद ते एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. तीच फाइल आणि तीच इमेज ठेवून जुना ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला जोडला. त्याचा सीडीचा लेझर अजून ठणठणीत होता. एकाने सोडलेले सेक्टर दुसरा वाचू शकतो, प्रत्येक ड्राइव्हची वाचण्याची रीत थोडी निराळी असते. रात्रभर चालू ठेवला. सकाळी ११ सेक्टर उरले होते. एका सेक्टरमध्ये २०४८ बाइट, म्हणजे एकूण २२ हजारांच्या आसपास, आणि ती रेकॉर्डिंग्ज १२८ केबीपीएसची. हिशोब केला तर दीड सेकंदाहूनही कमी आवाज गेला होता. फाइल लावून ऐकली. एका वाक्याच्या मधोमध आवाज तुटतो आणि लगेच पुढचा शब्द ऐकू येतो.